पाहून येतो म्हणणारा माणूस

बाबा ओहायोला आले की पहिले आठ दिवस त्यांची झोप सोलापूरच्या घड्याळावर चालते. रात्री तीनला डोळे टक्क उघडे. घरात खुडबुड नको म्हणून ते शाल पांघरून बाहेर येतात आणि ड्राइव्हवेवर गाडीशेजारी उभे राहून आकाश बघतात. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात वाढलेला माणूस. उन्हाळाभर अंगणात बाजेवर झोपायची सवय. मृग कुठवर आला, कृत्तिका कुठे आहेत, हे पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

गेल्या ऑक्टोबरात ते असेच उभे होते आणि समोरच्या कुणाच्या तरी दारावरच्या कॅमेऱ्याने त्यांना टिपलं. सकाळी आमच्या वसाहतीच्या ॲपवर फोटो आला. शाल, कानटोपी, वर केलेलं तोंड. खाली लिहिलेलं: हा माणूस कोण? पहाटे तीनला गाड्यांच्या आसपास काय करतोय? दुपारपर्यंत सत्तावीस जणांनी काहीबाही लिहिलं होतं. एकाच्या दारातून मागच्या आठवड्यात पार्सल गेलं होतं. एकीला वाटलं, तो गाडीच्या काचेतून आत डोकावत होता. कुणी सल्ला दिला, पोलिसांना आताच कळवून ठेवा. मी ऑफिसात होते, हे सगळं संध्याकाळी वाचलं. आधी राग आला नाही, पोटात गोळा आला. कारण ही गोष्ट मी आधी पाहिली होती, शब्दन् शब्द.

‘द ट्वायलाइट झोन’ ही अमेरिकेतली जुनी विज्ञानकथांची मालिका. सीबीएसवर १९५९ ते १९६४ अशी पाच वर्षं चालली. आमच्या पिढीला दूरदर्शनमुळे स्टार ट्रेक माहीत होतं, ही मालिका नाही. मला ती मुलीच्या दप्तरातून भेटली. इथल्या शाळांत सातवी-आठवीच्या इंग्रजीच्या पुस्तकात तिच्या एका भागाची संहिता बऱ्याच ठिकाणी नाटक म्हणून शिकवतात. भागाचं नाव ‘द मॉन्स्टर्स आर ड्यू ऑन मेपल स्ट्रीट’. ४ मार्च १९६० रोजी तो पहिल्यांदा दाखवला गेला. पंचवीस मिनिटांचा, कृष्णधवल. मुलीबरोबर मी तो एकदा पाहिला होता. त्या संध्याकाळी ॲप बंद करून पुन्हा लावला.

उन्हाळा सरत आलेला, शनिवारची संध्याकाळ. मेपल स्ट्रीटवर कुणी गाडी धुतंय, पोरं आइस्क्रीमवाल्याभोवती जमली आहेत. आकाशातून काहीतरी घरघरत जातं, लखकन उजेड पडतो आणि वीज जाते. फोन बंद, गाड्या बंद. पीट व्हॅन हॉर्न नावाचा एक गृहस्थ म्हणतो, मी फ्लोरल स्ट्रीटला जाऊन पाहून येतो, तिकडेही गेलीय का. कमरेला हातोडा अडकवलेला, तसाच तो चालत निघून जातो.

मागे उरलेल्यांना टॉमी नावाचा पोरगा आपल्या पुस्तकातली गोष्ट सांगतो: परग्रहावरचे लोक हल्ला करायच्या आधी माणसांसारखंच दिसणारं एक कुटुंब पुढे पाठवतात. आधी सगळे हसतात. मग लेस गुडमन नावाच्या शेजाऱ्याची गाडी आपोआप सुरू होते. एक बाई सांगते, हा रात्री-अपरात्री अंगणात उभा राहून आकाशाकडे बघत असतो. लेस काकुळतीला येऊन सांगतो, अहो, मला झोप येत नाही, लहानपणापासून येत नाही.

इथे मी रिमोट दाबून थांबले. त्या नटाचा चेहरा नीट पाहिला. त्याला झोप न येण्याचा जाब द्यावा लागतोय. आपल्याच दारात उभं राहून, ज्यांच्या घरी तो चहाकॉफीला गेला असेल त्यांना.

पुढे अंधार पडतो. रस्त्याच्या टोकाकडून एक सावली चालत येते. चार्ली नावाचा शेजारी कुणाच्या तरी हातातली बंदूक हिसकावून गोळी घालतो. जवळ जाऊन पाहतात तर पीट व्हॅन हॉर्न. पाहून येतो म्हणून गेला होता, पाहून परत येत होता. त्यानंतर चार्लीच्याच घरातले दिवे लागतात आणि जमाव त्याच्यावर उलटतो. तो म्हणतो मी नाही, हा टॉमी. दगड, आरडाओरडा, बंदुका. टेकडीवर दोन परग्रहवासी उभे आहेत आणि त्यांनी फक्त विजेशी खेळ केला आहे. बाकीचं माणसांनी आपलं आपण केलं.

हा भाग लिहिणारा रॉड सर्लिंग हा दुसऱ्या महायुद्धात फिलिपिन्समध्ये लढलेला छत्रीधारी सैनिक. त्याने परग्रहवासी हौसेने आणले नव्हते. ऑगस्ट १९५५ मध्ये मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाला गोऱ्यांनी हाल करून मारलं आणि ज्युरीने मारेकऱ्यांना सोडून दिलं. सर्लिंगने त्यावरून प्रेरणा घेऊन दूरचित्रवाणीसाठी नाटक लिहिलं. १९५६ मध्ये ते दाखवलं गेलं तेव्हा जाहिरातदारांच्या भीतीपोटी त्यातलं अमेरिकेच्या दक्षिणेचं नावनिशाण पुसलेलं होतं. गाव उत्तरेकडच्या न्यू इंग्लंडला हलवलं. मारला जाणारा माणूस कुठला तरी परका झाला. कोकाकोलाच्या बाटल्यासुद्धा काढल्या, कारण त्यांनी दक्षिणेची आठवण होते म्हणे. तेव्हा या माणसाच्या ध्यानात आलं की जे खरं गाव दाखवून बोलू देत नाहीत ते मंगळावरचा माणूस आणून बोलता येतं. म्हणून मला हा भाग केवळ विज्ञानकथा वाटत नाही. तो बातमीपत्र आहे, फक्त वेष बदलून आलेलं.

आता गावाकडच्या बातमीकडे येते.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा. बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडचे पाच जण, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत फिरत तिथवर गेले होते. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा त्या भागात मोबाइलवरून फिरत होत्या. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून ठार मारलं. पाचही जणांना.

डवरी गोसावी मला बातमीतून कळलेले नाहीत. लहानपणी ते आमच्या दारात यायचे. भगवी कफनी, खांद्याला झोळी, हातात डमरूसारखा डौर. आई सुपातून जोंधळे घालायची, ते घरातल्या लेकराबाळांची नावं विचारून आशीर्वाद द्यायचे. लेकराशी बोलणं हा त्यांच्या रीतीचाच भाग होता. त्याच गोष्टीला आता जाब आहे.

त्या वेळी आमच्या भावंडांच्या ग्रुपवर चर्चा झाली ती अजून आठवते. एक म्हणाला, अशिक्षित लोक, दुसरं काय. दुसरा म्हणाला, सगळी व्हॉट्सॲपची करणी. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडता येईल अशी मर्यादा आणली, तेव्हा त्याला वाटलं प्रश्न सुटला. आणि आम्ही परदेशातले, त्यात मीही, लिहून मोकळे झालो की इथे असं होत नाही, इथे कायदा आहे. एप्रिल २०२० मध्ये पालघरच्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा चालक अशाच चोरांच्या अफवेत मारले गेले, तेव्हा चर्चा मेलेल्यांच्या आणि मारणाऱ्यांच्या धर्मावर गेली. अफवा हा शब्द चार दिवसांत मागे पडला.

इथे असं होत नाही, हे मी आता म्हणणार नाही. सप्टेंबर २००१ मध्ये, जुळे मनोरे पडल्यावर चार दिवसांनी, ॲरिझोनात बलबीरसिंग सोढी यांना त्यांच्याच पेट्रोलपंपावर पगडी पाहून गोळी घातली. फेब्रुवारी २०१५ मध्ये अलाबामातल्या मॅडिसन गावात गुजरातहून नातवाला सांभाळायला आलेले सत्तावन्न वर्षांचे एक आजोबा सकाळी फिरायला निघाले. कुणीतरी पोलिसांना फोन केला की अनोळखी माणूस घरांकडे बघत हिंडतोय. आजोबांना इंग्रजी येत नव्हतं. ते सांगत राहिले, इंडियन, वॉकिंग. पोलिसाने त्यांना जमिनीवर आपटलं, मानेच्या मणक्याला इजा झाली, शस्त्रक्रिया करावी लागली. पोलिसावर दोनदा खटला चालला, दोन्हीदा ज्युरीचं एकमत झालं नाही, शेवटी न्यायाधीशांनी त्याला निर्दोष सोडलं. ते सगळे लोक शिकलेले होते. रस्ते स्वच्छ होते, हिरवळ कापलेली होती.

म्हणून तो भाग मेपल स्ट्रीटवर घडतो याला मी महत्त्व देते. सर्लिंगने गरीब वस्ती निवडली नाही. गाड्यांचे हप्ते फेडणारी, रविवारी चर्चला जाणारी माणसं निवडली. जे आपण आहोत.

बाबांचा फोटो ॲपवर आला त्याच्या थोडंच आधी पुण्यात माझ्या मामेभावाच्या सोसायटीच्या ग्रुपवरही एक फोटो फिरला होता. त्याने तो आमच्या ग्रुपवर टाकला. भगव्या कपड्यांतला, झोळीवाला एक माणूस बी विंगच्या जिन्यात उभा. ‘हा संशयित इसम सकाळपासून फिरत आहे, सावध राहावे, पुढे पाठवावे.’ मी विचारलं, त्याला कुणी विचारलं का, कोण तू म्हणून? कुणीच नाही. वॉचमनला सांगून हाकलला.

भाऊ चिडला. म्हणाला, “ताई, तुला तिथे बसून बोलायला काय जातं? दिवाळीत आमच्याकडचे दोन फ्लॅट फुटले. माझी पोरगी दुपारी एकटी असते.” त्याचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. दोन फ्लॅट खरंच फुटले होते. भीती खोटी नाही. गेटवर वही ठेवा, भाडेकरूची पोलिसांकडे नोंद करा, कॅमेरे लावा, माझी काही हरकत नाही. आमच्या दारावरही कॅमेरा आहे. पण फोटो काढायला चौथ्या मजल्यावरून खाली आलेल्या माणसाला आणखी चार पावलं टाकून ‘काय हवंय महाराज’ एवढं विचारणं का जमू नये? पुढे पाठवावे हे लिहायला त्याहून जास्त वेळ लागतो.

भागातल्या त्या पीटला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विसरून गेले होते. गोळी लागून मरतो तो बिचारा, एवढंच. या वेळी दिसलं की अख्ख्या गल्लीत काही पाहायला गेलेला तो एकच माणूस आहे. बाकी सगळे जिथल्या तिथे उभे राहून आपापल्या डोक्यातलं बोलत राहिले. त्याच्याजवळ उत्तर होतं, निदान अर्धं तरी. मला पक्कं वाटतं की राईनपाड्यात काय, पुण्यातल्या जिन्यात काय किंवा आमच्या गल्लीत काय, भांडण अफवेशी कमी आणि न हलणाऱ्या पायांशी जास्त आहे. शिक्षणाने पाय हलतात असा अनुभव मला दोन्ही देशांत आलेला नाही. निरोपांवर मर्यादा घातली म्हणूनही हलत नाहीत.

आमच्या गल्लीत मात्र कुणीतरी हललं. ॲपवर अठ्ठाविसावी नोंद रस्त्यापलीकडच्या म्हाताऱ्या बाईंची होती. एवढीच: मी जाऊन विचारून येते. ऐंशीच्या पुढच्या आहेत, गुडघे गेलेले, चालायला वॉकर. मी घरी पोचले तेव्हा त्या आमच्या स्वयंपाकघरात बसल्या होत्या आणि बाबांनी त्यांच्यापुढे आल्याचा चहा आणि कडक भाकरीचा तुकडा ठेवला होता. दोघांना एकमेकांचं जेमतेम कळत होतं. बाबांनी त्यांना हाताला धरून ड्राइव्हवेवर नेलं आणि उन्हात, निळ्या आकाशाकडे बोट दाखवून सांगितलं, इथे मृग, इथे कृत्तिका. बाईंनी मान वर करून नीट पाहिलं, जणू तिथे काही आहे. संध्याकाळी त्यांनी लिहिलं की ते यांचे वडील आहेत, त्यांना झोप येत नाही, ते तारे बघतात. मग कुणी काही लिहिलं नाही. फोटो टाकणाऱ्याने तो काढून घेतला. कोण होता ते आम्हाला कळलं नाही, मी शोधलंही नाही.

बाई आल्या त्या कशासाठी, हे बाबांनी मला त्या रात्री विचारलं. मी सांगितलं. ते काही बोलले नाहीत. पुण्याच्या फोटोतला माणूस त्यांना दाखवला, तर चष्मा लावून बराच वेळ बघत राहिले. ओळखीचा नव्हता. “डौर नाही हातात,” एवढंच म्हणाले. तो कोण होता, कुठून आला होता, हाकलल्यावर कुठे गेला, ते आजही कुणाला माहीत नाही.

बाबा डिसेंबरपर्यंत होते. पहाटे तीनला उठणं पुढे कमी झालं, पण थांबलं नाही. उठले की ते मागच्या दाराने बाहेर जायचे, घराच्या पाठीमागे, जिथे कुठलाही कॅमेरा पोचत नाही. तिथे दक्षिणेच्या बाजूला मेपलची दोन मोठी झाडं आहेत. पानं गळेपर्यंत मृग दिसत नव्हता.