नाक तुमचंच आहे हो!
"फोटोत मी अशी दिसतच नाही!" फोटोग्राफर म्हणून आठवड्यातून एकदा तरी हे ऐकतोच. अहो, आयुष्यभर आरशात उलटा चेहरा बघितलात. कॅमेरा सुलटा दाखवतो, म्हणून भांग भलत्याच बाजूला वाटतो. हातभर अंतरावरच्या सेल्फीत नाक फुगतं, ते चालतं. मी चेहरे टिपायला वापरतात ती ८५ मिमीची लेन्स लावून चांगला दोन मीटर मागे सरकतो, तर म्हणे चेहरा रुंद आला! मग सुरकुत्या पुसा, हनुवटी कोरा. पुसल्या की "फारच खोटं वाटतंय." वर "सगळ्या रॉ फाइल्स, म्हणजे कॅमेऱ्यातले कच्चे फोटो, द्या ना, आम्हीच निवडतो." निवडतात कुठला? डोळे अर्धवट मिटलेला! त्यावर फिल्टर चढवतात आणि खाली कौतुकाने माझं नाव टाकतात.