तक्रार गॅरेजातच जिरते

सोलापुरात आमच्या नातेवाइकांत आणि मित्रमंडळींत सध्या एकच वाद रंगला आहे. एकाच मॉडेलची गाडी घेतलेल्या तिघा-चौघांची डिकी नीट लागत नाही. दार खाली ओढलं की 'खट्' वाजतं, डॅशबोर्डवरचा दिवाही विझतो, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की दार लागलं. मग गाडी खड्ड्यात आदळली की दार सुटतं. होटगी रोडवर मुलांना शाळेत सोडायला निघालेल्या एका वहिनींच्या गाडीत असं झालं, तेव्हा वेग कमी होता. दाजींच्या गाडीची डिकी टेंभुर्णीच्या पुढे हायवेवर उघडली. आत टर्किश टॉवेलच्या नमुन्यांचे गठ्ठे होते. त्यातले काही रस्त्यावर पडले आणि मागच्या ट्रकवाल्यानं कचकन ब्रेक मारला म्हणून निभावलं.

वादाच्या बाजू ठरलेल्या आहेत. काही जण म्हणतात, गाडी वापरायची अक्कल नाही, डिकी गच्च भरता, धुता कधी? काही म्हणतात, कंपन्या आपल्या माथी दुय्यम माल मारतात. आणि फोनवर दाजींचा मला ठरलेला प्रश्न असतो, "तुमच्या अमेरिकेत हे असलं चालतं का रे? तिथं असतं तर कंपनीचे बारा वाजवले असते की!"

मी मिशिगनमध्ये राहतो, डेट्रॉइटच्या बाजूला. गाड्यांचं माहेरघर म्हणावं असा हा भाग. त्यामुळे दाजींना उत्तर द्यायचं तर ते पूर्ण द्यायला हवं. अर्धं दिलं तर ते फक्त परदेशाचं कौतुक होईल. आणि पूर्ण उत्तर असं आहे की नेमकं हेच इथं घडलं होतं, याहून फार वाईट रीतीनं घडलं होतं, आणि कितीतरी वर्षं चाललं होतं.

क्रायस्लर कंपनीनं 1983 च्या अखेरीस मिनीव्हॅन विकायला सुरुवात केली. मुलाबाळांच्या कुटुंबांना ती इतकी आवडली की घरोघरी दिसायला लागली. पण तिच्या मागच्या दाराचं लॅच, म्हणजे दार बंद धरून ठेवणारा खटका, कमकुवत होतं. मागून किंवा बाजूनं धडक बसली की दार उघडायचं आणि आतली माणसं बाहेर फेकली जायची. सरकारी चौकशी सुरू झाली, तिच्यात या दाराशी जोडलेले मृत्यू मोजले गेले, तो आकडा 37 पर्यंत गेला. मार्च 1995 मध्ये कंपनीनं चाळीस लाखांहून जास्त गाड्यांची लॅचं फुकट बदलून द्यायचं कबूल केलं. तेही दोष आहे असं न म्हणता. 'रिकॉल', म्हणजे दोष असलेल्या गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावणं, हा शब्द तिनं टाळला, 'सर्व्हिस' म्हणून काम केलं. साउथ कॅरोलायनात एक सहा वर्षांचं पोर अशाच दारातून बाहेर फेकलं जाऊन दगावलं होतं. त्या खटल्यात 1997 साली ज्युरीनं 26 कोटी 25 लाख डॉलर द्यायला सांगितले. त्यातला 25 कोटींचा दंड अपील कोर्टानं 2001 मध्ये रद्द केला. कंपनीचे बारा वाजले असं दाजी म्हणतात ते असं होतं: वर्षानुवर्षं चालढकल, आणि शेवटी दंडही टिकला नाही.

तरीही या प्रकरणातून एक गोष्ट उरली. दारांच्या कुलपांसाठी इथं जो सुरक्षेचा नियम होता तो बाजूच्या दारांपुरता होता. मिनीव्हॅननंतर तो मागच्या दारालाही लागू झाला. हे कशामुळे झालं? लोकांच्या तक्रारी एका जागी जमा होत होत्या म्हणून. 1966 च्या कायद्यानं इथं गाडीतल्या दोषाबद्दल सरकारला विचारपूस करायचा अधिकार मिळाला. आज कुणीही मालक घरी बसून तक्रार नोंदवू शकतो आणि ती नाव वगळून सगळ्यांना वाचता येते. मॉडेल आणि वर्ष टाकलं की बाकीच्या गावांत कोणाची डिकी उघडली ते दिसतं. चौकशी सुरू करायला अमुक इतक्या तक्रारी हव्यात अशी अट नाही. 2000 साली टायर फुटून माणसं मेल्याच्या प्रकरणानंतर आणखी एक कायदा आला. त्यानं कंपन्यांना आपल्याकडे आलेले दावे आणि मृत्यूंची माहिती वेळोवेळी सरकारला द्यायला भाग पाडलं.

तेवढं असूनही 2014 मध्ये जनरल मोटर्सच्या इग्निशन स्विचचं, म्हणजे किल्लीनं गाडी चालू-बंद करायच्या स्विचचं, प्रकरण निघालं. कंपनीतल्या माणसांना तो दोष दहाएक वर्षं माहीत होता. भरपाईच्या निधीनं 124 मृत्यू मान्य केले. म्हणून मी इथल्या व्यवस्थेची आरती ओवाळत नाही. पण 2021 च्या अखेरीस टेस्लानं पावणेपाच लाखांच्या आसपास गाड्या परत बोलावल्या तेव्हा कारणं काय होती? एका मॉडेलमध्ये डिकीच्या झाकणाची उघडझाप होऊन मागच्या कॅमेऱ्याची वायर तुटू शकत होती, दुसऱ्यात पुढच्या बॉनेटचं लॅच नीट बसत नव्हतं. सोलापुरात ज्याला आपण 'किरकोळ काम' म्हणतो, ते हेच.

मे महिन्यात घरी आलो होतो तेव्हा दाजींबरोबर विजापूर रोडच्या एका गॅरेजात गेलो. मिस्त्री वयानं लहान पण हात सफाईचा. त्यानं दाराच्या आतलं प्लॅस्टिकचं पॅनेल क्लिपा न मोडता काढलं, बोल्ट सोडवले आणि तळहातावर मावेल एवढं लॅच बाहेर काढलं. त्याची रचना साधी असते. बॉडीवर यू आकाराची लोखंडी कडी असते. दार आपटलं की लॅचमधला आकडा त्या कडीला पकडतो आणि एक छोटी खिटी स्प्रिंगच्या जोरावर आकड्याला अडकून बसते. दोन टप्पे असतात, पहिल्या खटक्याला अर्धवट, दुसऱ्याला पूर्ण. मिस्त्रीनं स्क्रू-ड्रायव्हरनं आकडा दाबून दाखवला. पहिला खटका वाजला. दुसऱ्याला खिटी जागेवर यायला हवी होती, ती मध्येच रेंगाळली. आत बघितलं तर ग्रीस आणि धूळ मिळून तेलकट शेंगाचटणीसारखा लगदा झाला होता. बाहेरचं मडगार्ड धुता येतं, हे कुणी धुवायचं? आणि दार लागल्याची खबर देणारा छोटा स्विच पहिल्याच खटक्याला बंद होत होता, म्हणून दिवा विझत होता. दिवा विझणं ही मला सगळ्यात वाईट गोष्ट वाटली. गाडीच माणसाला सांगते की दार लागलंय.

मिस्त्रीनं लॅच पेट्रोलनं धुतलं, स्प्रिंगचा ताण वाढवला, पातळ ग्रीस लावलं, दहा-बारा वेळा उघडझाप करून बघितली. तीनशे रुपये घेतले. दाजी खूश. या आठवड्यातली ही तिसरी गाडी, असं मिस्त्री सहज म्हणाला.

माझं म्हणणं या वाक्यापाशी येऊन थांबतं. त्या मिस्त्रीला जे माहीत आहे ते कंपनीच्या नोंदीत कुठेच नाही. सोलापुरात तीन, लातुरात दोन, विजापुरात चार, अशी जी बेरीज व्हायला हवी ती होतच नाही, कारण प्रत्येक गाडी तीनशे रुपयांत बरी होऊन घरी जाते. आपल्याकडे हात स्वस्त आहे आणि कसबी आहे. यंत्रमागाच्या गावाला लोखंड दुरुस्त करायला शिकवावं लागत नाही. इथं डेट्रॉइटला गॅरेजवाला तासाला शंभर-दीडशे डॉलर घेतो, म्हणून मालक कंपनीच्या मागे लागतो, चिडून तक्रार लिहितो. अमेरिकन माणूस हक्कांबाबत जागरूक असतो असं आपण म्हणतो. माझ्या मते त्यातला बराचसा जागरूकपणा या मजुरीच्या दरातून आला आहे. आपल्या मिस्त्रीची कला हा दोष नाही, उलट तिचा अभिमान वाटावा. पण तिच्यामुळे कंपनीचा दोष झाकला जातो, आणि ज्या गावात असा मिस्त्री नाही तिथल्या कुटुंबाला त्याची किंमत मोजावी लागते.

दाजी आधी सर्व्हिस सेंटरला गेले नव्हते असं नाही. गेले होते. तिथं 'चेक केलं, ओके आहे' असं सांगून गाडी परत दिली. जॉब कार्डावर काय लिहिलं? 'जनरल चेकअप'. दाजींनी सांगितलेलं वाक्य, 'चालत्या गाडीत डिकी उघडली', त्या कागदावर नव्हतंच. दाजींनी सही केली आणि आले. आता कंपनीला विचारलं तर ती खरंच म्हणू शकते की आमच्याकडे अशी तक्रार नाही.

कायदा आपल्याकडे नाही असं अजिबात नाही, आणि परदेशातून बोलणाऱ्यांनी हे आधी मान्य करायला हवं. 2012 पासून कंपन्यांच्या संघटनेची स्वेच्छेची आचारसंहिता होती. 2019 च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम 110 अ आलं. माणसांना इजा होईल असा दोष असेल तर केंद्र सरकार गाड्या परत बोलावण्याचा हुकूम देऊ शकतं. 1 एप्रिल 2021 पासून त्याचे नियम लागू झाले, दंड 10 लाखांपासून 1 कोटीपर्यंत. कंपनीनं स्वतःहून दोष कळवला तर दंड माफ. ही तरतूद मला शहाणपणाची वाटते, लपवण्यापेक्षा सांगणं स्वस्त पडावं. तक्रार करायला सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर सोयही आहे.

अडचण दोन ठिकाणी आहे. एक, हुकूम निघायला ठरावीक प्रमाणात मालकांनी तक्रार केलेली असावी लागते. चाचणी संस्थेकडून किंवा अन्य मार्गानं कळलेला दोषही धरता येतो असं कलमात आहे, पण मुख्य भिस्त तक्रारींच्या संख्येवर. ज्या देशात तक्रार गॅरेजात जिरते तिथं संख्येची अट म्हणजे कंपनीला मिळालेलं कवच आहे. दुसरी अडचण, सात वर्षांपेक्षा जुनी गाडी यात बसत नाही. सोलापुरात सात वर्षांची गाडी म्हणजे नुकती कुठं दुसऱ्या मालकाकडे आलेली. लॅचसारख्या वस्तूचा कमकुवतपणा धूळ, ऊन आणि वापर यांतून हळूहळू बाहेर येतो, तो पहिल्या वर्षी दिसेलच असं नाही. अमेरिकेत पंधरा वर्षांपर्यंतच्या गाडीची रिकॉलची दुरुस्ती कंपनीनं फुकट करून द्यायची असते. आपल्याकडे किमान तेवढी मुदत हवी.

इथं रिकॉल निघाला की घरी टपालानं पत्र येतं. पाकिटावर सरकारी खात्याचं चिन्ह, म्हणजे जाहिरात समजून कुणी फेकू नये. आत दोष काय, त्यानं काय होऊ शकतं, दुरुस्ती फुकट आहे, आणि डीलरनं टाळाटाळ केली तर सरकारकडे कुठे कळवायचं, हे सगळं साध्या भाषेत. गाडी दुसऱ्याला विकली असली तरी पत्र नव्या मालकाला जातं, कारण नोंदणीतून पत्ता घेतात. आपल्याकडे हे का जमू नये? एमएच 13 च्या प्रत्येक गाडीच्या मालकाचं नाव आणि पत्ता आरटीओच्या नोंदीत आहेच. पत्र मराठीत असावं, एवढीच वरची मागणी.

मालकांची चूक म्हणणाऱ्यांना मला एवढंच विचारायचं आहे. सोलापूरचा मे महिना कंपनीला माहीत नव्हता का? इथली धूळ, तुळजापूरच्या घाटातले धक्के, गड्ड्याच्या यात्रेला आणि पंढरपूरला गच्च भरून जाणारी गाडी, हे सगळं इथल्या गाडीचं रोजचं आयुष्य आहे. गाडी इथं विकायची तर ती इथल्या धुळीत लागली पाहिजे आणि लागलेली राहिली पाहिजे. 2023 मध्ये भारत एनकॅप, म्हणजे धडकेत गाडी किती सुरक्षित ते बघून स्टार देणारी चाचणी, आल्यापासून आपण कट्ट्यावर स्टार मोजतो, ते चांगलंच आहे. पण धडकेची चाचणी कोऱ्या गाडीवर होते. चार वर्षं धूळ खाल्लेल्या लॅचचं काय होतं ते कुठल्याच स्टारमध्ये नाही. काही गाड्यांत डिकीच्या जागी तिसऱ्या रांगेची सीट असते, तिथं बहुतेक वेळा मुलंच बसतात. शिवाय डिकी अर्धवट उघडी राहून गाडी चालली तर सायलेन्सरचा धूर आत ओढला जातो, त्यातला कार्बन मोनॉक्साइड कळतसुद्धा नाही.

दाजींना मी कोर्टाची घाई करायला सांगितलं नाही. सर्व्हिस सेंटरला परत जा, 'चालत्या गाडीत डिकी उघडली' हे वाक्य जॉब कार्डावर लिहून घ्या, लिहीत नसतील तर सही करू नका, असं सांगितलं. त्याच शब्दांत कंपनीला ईमेल, मग वाहन पोर्टल, आणि 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन. त्यानं भागलं नाही तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली सोलापूरच्या जिल्हा आयोगात जाता येतं. कंपनीचं मुख्यालय कुठंही असो, मालक राहतो तिथं तक्रार चालते. पाच ते दहा लाखांच्या गाडीसाठी फी दोनशे रुपये आहे, मिस्त्रीच्या बिलापेक्षा कमी. एकाच दोषाचे बरेच मालक असतील तर आयोगाच्या परवानगीनं सगळ्यांच्या वतीनं एक तक्रारही करता येते.

दाजींनी ईमेल केला. वहिनी म्हणतात, आता दार नीट लागतंय, कशाला उगाच. वहिनी, दार मिस्त्रीनं लावलंय, कंपनीनं नाही. गॅरेजात कुणाचं लॅच बदललं असेल तर जुनं परत मागून घ्या, गाडीचा नंबर आणि तारीख लिहून पिशवीत ठेवा, आणि त्या मिस्त्रीला विचारा की अशी आणखी कुणाची गाडी आली होती. त्या मालकांना मी स्वतः फोन करायला तयार आहे, इथली रात्र असली तरी चालेल.