गावाला आपलं नाव हवं असेल तर

आपल्या नावाचं एखादं गाव असावं असं तुम्हाला वाटतं का? लाजू नका. सोसायटीच्या सिमेंटच्या बाकावर 'यांच्या स्मरणार्थ' असं कोरून घेण्यासाठी माणसं पाच हजार मोजतात, तिथे अख्खं गाव म्हणजे काय! तर थोडी पथ्यं सांगतो. मला हा अधिकार आहे, कारण मी अमेरिकेतल्या डिकेटरला राहतो. कुठल्या डिकेटरला, हे लगेच विचारू नका. त्या एका प्रश्नापायी माझ्या गेल्या दिवाळीचा फराळ वाया गेलाय.

पहिलं पथ्य म्हणजे समुद्रावर नाव काढा. ही गावं ज्याच्या नावाची, तो अमेरिकी नौदलातला स्टीफन डिकेटर १७७९ साली मेरीलँडच्या किनाऱ्यावर जन्मला. बाप जहाजावरचा कप्तान, त्यामुळे धंदा शोधायला लांब जावं लागलं नाही. पण शत्रूचं जहाज बुडवून मोठं व्हायचं हा विचार सोडा, ते सगळेच करतात. तुम्ही आपल्याच देशाचं जहाज जाळा. ऑक्टोबर १८०३ मध्ये अमेरिकेचं 'फिलाडेल्फिया' नावाचं जहाज उत्तर आफ्रिकेतल्या, तेव्हा अमेरिकेशी युद्ध चालू असलेल्या त्रिपोलीजवळ खडकावर चढलं. कप्तान बेनब्रिजसाहेब तीनशेवर माणसांसह कैदेत गेले आणि जहाज त्रिपोलीवाल्यांना आयतं मिळालं. १६ फेब्रुवारी १८०४ च्या रात्री पंचवीस वर्षांचा डिकेटर 'इंट्रेपिड' नावाच्या छोट्या पकडलेल्या गलबतातून बंदरात शिरला. वाटाड्याने हाक मारून सांगितलं, वादळात आमचे नांगर गेले हो, रात्रीपुरता तुमच्या जहाजाला दोर बांधू द्या. समोरच्यांनी दिला. मग साठ-सत्तर माणसं वर चढली, वीस-पंचवीस मिनिटांत जहाज पेटवलं आणि आपला एकही माणूस न गमावता परत आली. डिकेटर कप्तान झाला, तोवरचा सगळ्यात तरुण. सरकारी मालमत्तेची होळी करून बढती मिळाल्याचं दुसरं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. म्हणजे, लेखी आदेशासह तरी नाही.

सोबतीही पारखून न्या. त्या रात्री गलबतावर जेम्स लॉरेन्स होता आणि थॉमस मॅकडोना नावाचा एक पोरगेला अधिकारीही होता. पुढे दोघांनी आपापली युद्धं गाजवली. आता जॉर्जिया राज्यातल्या अटलांटाचा नकाशा उघडा. अटलांटाला लागून डिकेटर. ईशान्येला लॉरेन्सव्हिल. दक्षिणेला मॅकडोना. आमचे मराठी लोक डिकेटरहून लॉरेन्सव्हिल हायवे धरतात, वाटेत कढीपत्ता आणि तूरडाळ घेतात, ट्रॅफिकला शिव्या घालतात. एका जिवावर उदार झालेल्या गलबतावरच्या एका माणसाकडून दुसऱ्याकडे आपण चाललोय, हे कुणाच्या गावीही नसतं. नसू दे. तूरडाळ महत्त्वाची.

दुसरं पथ्य जास्त अवघड आहे. वेळेवर मरा. इथे आपले बरेच थोर लोक चुकतात. फार जगतात, आत्मचरित्र लिहितात, मुलाला तिकीट मागतात. डिकेटर २२ मार्च १८२० रोजी एक्केचाळिसाव्या वर्षी गेला, आणि तोही द्वंद्वात. जेम्स बॅरन नावाच्या कप्तानाने १८०७ साली फारसा प्रतिकार न करता इंग्रजांपुढे आपल्या जहाजाचं निशाण उतरवलं होतं. त्याच्यावर जो लष्करी खटला चालला त्यात डिकेटर न्याय करणाऱ्यांत बसला होता. बॅरनला परत नोकरीत घ्यायची वेळ आली तेव्हा यानेच नाक मुरडलं. मग पत्रापत्री. तुमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पार्किंगवरून चालते तशीच, फक्त अक्षर वळणदार आणि शेवटी 'आपला आज्ञाधारक सेवक'. ती महिनोन्महिने चालली आणि संपली ब्लेडन्सबर्गच्या मैदानात, आठ पावलांवर. आठच, कारण बॅरनची नजर अधू होती. बघा, जीव घ्यायचा तरी केवढी सोय पाहायची!

अशा द्वंद्वात प्रत्येकाच्या बाजूला एक मध्यस्थ असतो. त्याचं पहिलं काम पिस्तूल मोजून देण्याचं नव्हे, भांडण मिटवण्याचं. डिकेटरच्या बाजूला कोण होते? बेनब्रिजसाहेब. ज्यांचं हातचं गेलेलं जहाज जाळून याने नाव कमावलं, तेच. मैदानावर उभं राहून दोघं प्रतिस्पर्धी एकमेकांशी जवळपास समेटाचंच बोलत होते म्हणतात. मध्यस्थांनी मात्र अंतर मोजलं आणि जागेवर उभं राहायला सांगितलं. बॅरन जखमी झाला आणि १८५१ पर्यंत जगला. डिकेटर त्याच रात्री, राष्ट्राध्यक्षांच्या घरासमोरच्या चौकात शत्रूची जहाजं पकडल्याच्या बक्षिसाच्या पैशांतून बांधलेल्या आपल्या नव्या कोऱ्या घरात वारला. बेनब्रिजसाहेबांचं नाव लक्षात ठेवा, ते परत येणार आहेत.

मरणाची वेळ इतकी अचूक का म्हणायची? कारण १८२० नंतर अमेरिकेत जमिनीचे तुकडे पाडायचं काम जोरात निघालं. मस्कोगींसारख्या मूळ रहिवासी लोकांकडून करार करकरून प्रदेश काढून घ्यायचा, त्याचे जिल्हे कापायचे, जिल्ह्याला एक गाव, गावाला एक कोर्ट आणि कोर्टाच्या पाटीला एक नाव. पाट्या भराभर रंगवायच्या होत्या. जिवंत माणसाचं नाव दिलं की तो पुढच्या निवडणुकीत पक्ष बदलतो. ताजा, तरुण, मेलेला वीर सगळ्यांना चालतो. अलाबामातल्या एका नदीकाठच्या धक्क्याला तर खुद्द राष्ट्राध्यक्ष मन्रो यांच्या सांगण्यावरून त्याच साली त्याचं नाव मिळालं. मग १८२३ मध्ये जॉर्जियात, १८२९ मध्ये इलिनॉयमध्ये, १८३६ मध्ये इंडियानात. टेक्सास, मिसिसिपी, टेनेसी, मिशिगन, अर्कान्सा... यादी पुरी करत नाही, तुम्हालाही कामं असतील.

एवढ्या गावांत समुद्र कुठे आहे म्हणता? नाही. दर्यावर्दीचं नाव लागलेल्या या गावांपैकी एकालाही भरती-ओहोटी ठाऊक नाही. माझ्या डिकेटरहून समुद्र पाहायला गाडीने चार तास सावानाला जावं लागतं. इलिनॉयचं डिकेटर तर मक्याच्या आणि सोयाबीनच्या शेतांत बुडालेलं आहे. ते स्वतःला सोयाबीनची जागतिक राजधानी म्हणवतं, आणि त्याचं पाणी म्हणजे नदी अडवून केलेला तलाव. टेक्सासच्या डिकेटरचं नाव फाशांच्या जुगारात आठ पडले की ओरडतात, कारण इंग्रजीत आठाचं 'एटर' केलं की ते यमकात बसतं. बिचाऱ्याने त्रिपोलीत जीव धोक्यात घातला तो या यमकासाठी. एकट्या अलाबामाच्या डिकेटरने थोडी लाज राखली आहे. तिथे अंतराळात जाणारी रॉकेटं बनतात आणि ती जहाजात आडवी घालून नदीतून समुद्रात, समुद्रातून फ्लोरिडाला नेतात. कान्होजी आंग्र्यांच्या वाट्याला आपल्याकडे गाव नाही, खांदेरीचं बेट आलं. पण निदान पायाला पाणी तरी लागतं!

आता जिल्ह्यांचं ऐका, कारण इथेच नवा माणूस फसतो. डिकेटर नावाचं गाव डिकेटर जिल्ह्यात असेल असं समजू नका. जॉर्जियातलं माझं गाव डिकॅल्ब जिल्ह्यात आहे. इंडियानातलं अ‍ॅडम्स जिल्ह्यात. टेनेसीतलं मेग्ज जिल्ह्यात. तिन्ही राज्यांत डिकेटर जिल्हा वेगळा आहे, भलतीकडेच आहे, आणि त्याचं मुख्य ठिकाण दुसरंच कुठलं तरी आहे. टेनेसीत ते डिकेटरव्हिल आहे, कारण गोंधळ पुरेसा झाला नव्हता. आणि जॉर्जियाच्या डिकेटर जिल्ह्याचं मुख्य ठिकाण? बेनब्रिज. हो, तेच साहेब. शेवटच्या दिवशी ज्याच्या बाजूला उभे राहिले त्याच्या जिल्ह्याच्या छातीवर ते अजून बसून आहेत.

तिसरं पथ्य बायकोसाठी आहे, ते तिला वाचायला देऊ नका. गावोगाव पाट्या रंगत होत्या तेव्हा सुझन डिकेटर वॉशिंग्टनमध्ये अर्ज लिहीत होती. त्या जाळलेल्या जहाजाचं बक्षीस द्या, निवृत्तिवेतन द्या. ३ मार्च १८३७ रोजी अमेरिकेच्या काँग्रेसने, म्हणजे संसदेने, एकाच दिवशी दोन गोष्टी मंजूर केल्या. नौदलातल्या विधवांसाठी सर्वसाधारण कायदा, आणि खास सुझनच्या नावाने वेगळा ठराव. बाई म्हणाल्या, दोन्ही द्या. खात्याने सांगितलं, दोन्हींतलं एक निवडा. बाई थेट सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १८४० मध्ये न्यायालयाने निकाल दिला की हा मंत्र्याच्या अखत्यारीतला प्रश्न आहे, आम्ही त्याला हुकूम देऊ शकत नाही. ज्यांनी कधी आईच्या फॅमिली पेन्शनसाठी ट्रेझरीच्या खिडकीत हयातीचा दाखला दिला आहे, त्यांना या निकालाचं भाषांतर लागणार नाही. पाटी रंगवायला रंग लागतो, पेन्शनला पैसे.

आणि एखादं वाक्य मागे ठेवून जा, म्हणजे लोक त्यातलं हवं तेवढंच घेतील. १८१६ मध्ये नॉरफोकच्या मेजवानीत डिकेटरने पेला उंचावून देशासाठी शुभेच्छा दिल्या. आधी म्हणाला, परदेशांशी वागताना आपला देश नेहमी न्यायाच्या बाजूला असो. मग 'पण चूक असो की बरोबर, आपला देश' आलं. पहिला अर्धा भाग लगेच गळून पडला, दुसरा अजून चालू आहे. पुढे नागरी हक्कांसाठी लढलेला कृष्णवर्णीय नेता मेडगर एव्हर्स १९२५ साली मिसिसिपीतल्या डिकेटरला जन्मला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यातून लढून तो परत आला आणि १९४६ मध्ये आपल्याच गावच्या कोर्टात मत द्यायला गेला. बंदुका घेतलेल्या गोऱ्यांनी त्याला दारातून परत पाठवलं. हे इथे उपरोधात बसत नाही. पण पाटी त्याच नावाची होती म्हणून सांगितलं.

आता हे सगळं जमलं, गावाला तुमचं नाव लागलं, की तुम्ही विसरले जाणार याची खात्री बाळगा. आमच्या गणपतीत कुणी म्हणालं, 'आम्ही डिकेटरला घर घेतलं,' तर दर्यावर्दीबद्दल कुणी विचारत नाही. एकच प्रश्न येतो, 'हद्दीत की हद्दीबाहेर?' कारण पोस्टाच्या पत्त्यात डिकेटर लिहिणारी घरं पार लांबपर्यंत पसरली आहेत आणि शहर मात्र पंचवीस हजार वस्तीचं, चार चौरस मैलांचं. शहराच्या शाळा चांगल्या, म्हणून हद्दीतल्या घराचे भाव वेगळे. हद्दीबाहेरचा माणूस 'पत्ता डिकेटरचाच आहे' असं म्हणतो आणि मोदकाकडे बघतो. मी हद्दीबाहेरचा आहे.

म्हणूनच तो फराळ. पुण्याहून भाचीने पाठवला. कुरियरच्या फॉर्मवर राज्यांची यादी उघडते, त्यात अलाबामा सगळ्यात वर. तिने डिकेटर लिहिलं, बोट घसरलं, झालं. खोकं अलाबामाला गेलं, तिथे आठवडाभर कुणाच्या तरी ओसरीवर बसलं, आणि तुळशीचं लग्न झाल्यावर माझ्याकडे आलं. त्याच्यावर एकावर एक तीन चिकट पत्ते होते आणि सगळ्यात वरच्यावर जाड काळ्या पेनाने लिहिलं होतं, 'दुसरं डिकेटर'. करंज्या शाबूत, चकल्यांचा भुगा. तो आम्ही दह्यात कालवून खाल्ला.

यंदा मी भाचीला फोन करून बजावलं, जॉर्जिया लिही, पिनकोड तपास, परत वाचून दाखव. तिने वाचून दाखवलं, सगळं बरोबर. फक्त कुरियर नवा होता आणि त्याच्या फॉर्मवर जिल्ह्याचा एक रकाना होता. तो रिकामा सोडवेना म्हणून पोरीने तिथेही डिकेटर भरलं. काल पाहिलं तर पार्सल फ्लोरिडाच्या सीमेजवळ पोचलंय. बेनब्रिजला. साहेब, या वेळी तरी मध्ये पडा. चकल्या आहेत.