मग प्रतिकारशक्ती वाढवायची की दाबायची?

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया कळकळीची आहे, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो. प्रतिकारक पेशीच कर्करोगाच्या गाठीला हातभार लावतात असं लिहून मी पुढे इम्युनोथेरपीची, म्हणजे प्रतिकारशक्तीलाच कर्करोगाशी लढवणाऱ्या उपचाराची, बाजू घेतली, यात तुम्हाला विसंगती दिसली. महागड्या इंजेक्शनांपेक्षा गुळवेलीचा काढा घेऊन प्रतिकारशक्ती वाढवावी, असंही तुम्ही सुचवलंत.

अवयव प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांत काही कर्करोग जास्त आढळतात, हे खरं. पण म्हणून प्रतिकारशक्ती वाढवली की गाठ विरघळेल, असं होत नाही. तोंडाच्या कर्करोगाचा बायोप्सीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. कर्कपेशींचे पुंजके, त्यांच्याभोवती फायब्रोब्लास्ट या आधार-ऊती बनवणाऱ्या पेशींनी रचलेले कोलॅजेन या चिवट प्रथिनाचे जाड पट्टे, आणि कित्येकदा त्या पट्ट्यांतच अडकलेल्या टी-पेशी, म्हणजे कर्कपेशींना मारू शकणाऱ्या प्रतिकारक पेशी. त्या भरपूर असतात, पण आत पोचत नाहीत. मॅक्रोफेज या दुसऱ्या प्रकारच्या प्रतिकारक पेशी मात्र आत असतात, आणि जखम भरताना करतात तेच तिथेही करतात: नव्या रक्तवाहिन्यांना चालना देतात, टी-पेशींना थोपवतात. हॅरल्ड ड्वोरॅक या अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञांनी १९८६ मध्येच गाठींना न भरणाऱ्या जखमा म्हटलं होतं.

एखादी टी-पेशी आत शिरलीच, तर ती इंटरफेरॉन-गॅमा हे संदेश देणारं प्रथिन सोडते. त्यामुळे कर्कपेशी आपल्या पृष्ठभागावर पीडी-एल१ हे प्रथिन वाढवते. ते टी-पेशीवरच्या पीडी-१ या प्रथिनाला चिकटतं आणि टी-पेशी थंडावते. हल्ल्यातूनच हल्ल्याला ब्रेक लागतो! निवोल्युमॅब हे इम्युनोथेरपीचं इंजेक्शन ही जोडी जुळू देत नाही. पण ब्रेक शरीरभर सुटतो, म्हणून काही रुग्णांना आतडी, थायरॉइड, फुप्फुसं, यकृत यांचा दाह होतो.

खर्चाबद्दलचा तुमचा राग मला पटतो. म्हणूनच टाटा मेमोरियलचं काम मला मोलाचं वाटतं. एरवी दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम निवोल्युमॅब देतात. त्यांनी डोक्या-मानेच्या बळावलेल्या कर्करोगात कमी मात्रेच्या, तोंडाने घ्यायच्या औषधांच्या जोडीला दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम दिलं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. रोग मुळापासून गेला असा याचा अर्थ नाही, पण त्या घरांसाठी हे थोडं नव्हे.

आता गुळवेल. कोविडकाळात ती घेणाऱ्या काही जणांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवलं आहे, आणि ती इजा प्रतिकारशक्तीच यकृतावर उलटल्यासारखी होती. तेव्हा घरात कुणाची इम्युनोथेरपी सुरू असेल, तर काढ्याची गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नका. उद्या यकृताचे रिपोर्ट बिघडले, तर ते इंजेक्शनामुळे की काढ्यामुळे हे त्यांना ठरवावं लागेल, आणि त्यावरच पुढचा डोस द्यायचा की थांबवायचा ते ठरेल.