काका, तुम्ही एकटे कुठं होतात?

काका नमस्कार. तुमची कमेंट नीट वाचली, दोन ओळीत उत्तर देणं बरोबर वाटेना म्हणून जरा लांबण लावतेय.

पुरानंतर मुलांशी बोला, त्यांचं ऐकून घ्या असं मी लेखात लिहिलं, त्यावर तुमचं म्हणणं की ही सगळी पैसेवाल्यांची थेरं, वडिलांची गिरणी बंद पडली तेव्हा तुम्हाला कुणी 'कसं वाटतंय बाळा' म्हणून विचारलं नव्हतं तरी तुम्ही शिकलात, कमावलंत, आणि सोलापूरच्या पूर्व भागात दिवसभर विड्या वळणाऱ्या बाईला पोराच्या मनाचे लाड करायला वेळ कुठाय. आणि शेवटी जाता जाता लिहिलंय की सप्टेंबर २०२५ च्या पुरात सीना नदीचं पाणी लेकीच्या घरात शिरल्यापासून आठ वर्षांचा नातू परत अंथरूण ओलं करतोय आणि तुम्ही त्याला 'मर्द हो की' म्हणून दम देता.

पहिलं गिरणीचं. तुम्हीच लिहिलंय की तेव्हा वाड्यातल्या अक्का रोज संध्याकाळी हाक मारून ताटावर बसवायच्या, आणि गणिताच्या मास्तरांनी सांगितलं होतं की फीचं मी बघतो, तू शाळा सोडायची नाही. मग काका, तुम्ही एकटे कुठं होतात? एमी वर्नर नावाच्या बाईंनी हवाईमधल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा पार चाळिशीपर्यंत माग ठेवला. त्यातल्या ज्यांच्या घरी गरिबी, भांडणं, आजारपण असं सगळं एकत्र होतं त्यातली साधारण एक तृतीयांश मुलं चांगली, कामाची, दुसऱ्याला जीव लावणारी माणसं झाली, आणि त्यांच्या आयुष्यात लहानपणापासून कुणीतरी एक तरी मोठं माणूस टिकून होतं, आजी असेल, मावशी असेल, पुढं एखादे मास्तर. तुमच्या अक्का आणि तुमचे मास्तर म्हणजे तेच की. हाल तर कितीतरी पोरांच्या वाट्याला आले, त्या हालांनीच माणूस घडत असतं तर तुमच्या वाड्यातलं एकही पोरगं मागं पडलं नसतं.

आता वेळेचं. हा तुमचा मुद्दा मला सगळ्यात जास्त पटतो, कारण वेळ खरंच नसतोय. माझ्या वर्गातल्या एका मुलीचं सांगते. वडील कामाला होते तो यंत्रमागाचा कारखाना बंद झाला, ते सुरतेला गेले, आणि पोरीचं रोज शाळेत पोट दुखायला लागलं. डॉक्टरांनी तपासलं, काही नाही. घरी गेले तर आई उंबऱ्याजवळ मांडीवर सूप घेऊन बसलेली, भिजवलेलं पान कात्रीनं कापायचं, तंबाखू भरायची, वळायची, दोरा गुंडाळायचा, हात थांबतच नव्हते. माझ्याशी मराठीत बोलत होती, पोरीशी तेलुगूत. मी म्हणलं, बाबा का गेले हे हिला सांगितलंय का? ती म्हणाली, लहान आहे हो, तिला काय कळतंय. तर पोरगीच मधी बोलली, मी नवीन दप्तर मागितलं म्हणून गेले.

आईचे हात थांबले. ती पोरीला तेलुगूत काहीतरी बोलली, मला सगळं कळलं नाही, पण पोरगीनं दुसऱ्या दिवशी सांगितलं की माझ्यामुळं नाही, माग बंद पडले म्हणून गेले, रविवारी फोन करणार आहेत. तेवढ्या वेळात दोन विड्या पण वळून झाल्या नसत्या. पोटदुखी लगेच गेली नाही, पण हळूहळू गेली. लहान मुलांना खरं कारण नाही सांगितलं तर ती स्वतःच एक कारण तयार करतात, आणि त्यात बहुतेक वेळा दोष स्वतःकडं घेतात, हे मी शाळेत सारखं बघते.

आणि लाड म्हणाल तर, अभ्यास, शाळा, झोपायची वेळ यात मी अजिबात सूट द्या म्हणत नाही, उलट पूर येऊन गेल्यावर तर रोजचं वेळापत्रक जितकं पहिल्यासारखं ठेवाल तितकं पोरांना बरं वाटतंय.

राहिला नातू. आठव्या वर्षी कोरडं झोपणारं पोरगं परत ओलं करायला लागलं तर ते मुद्दाम करत नसतंय, घाबरलेल्या मुलांचं असं होतं, दम दिला तर वाढतं. आधी एकदा डॉक्टरांकडून लघवी आणि शुगर तपासून घ्या, कारण इन्फेक्शननं किंवा डायबेटिसनंही असं होऊ शकतंय. मग पाऊस सुरू झाला की 'काय होत नाही, झोप' एवढ्यावर सोडू नका, ते त्याला पटणार नाही, त्यानं पाणी घरात आलेलं बघितलंय. त्याला सांगा की परत पाणी वाढलं तर कोण फोन करणार, आपण कुणाच्या घरी जायचं, त्याचं दप्तर कुठं ठेवायचं, आणि दप्तराचं काम त्याच्याकडंच द्या. पुराविषयी तोच तोच प्रश्न विचारला तरी परत तेच उत्तर द्या. सकाळी चादर गुपचूप बदला, भावंडांसमोर विषय नको. बघता बघता महिने झालेत, त्यामुळं आता नुसती वाट बघण्यात अर्थ नाही. १४४१६ हा टेली मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. लेकीला लावायला सांगा, किंवा तुम्हीच लावा, आजोबांनी फोन केला तरी चालतंय.