‘ज्यूसवर बंदी’चा मेसेज आणि वीस मिली आंबा

उन्हाळा लागला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आंब्याच्या भावाआधी हा मेसेज येऊन पडतो. शब्द दरवर्षी थोडे बदलतात, गाभा तोच. सरकारने शंभर टक्के फळांच्या रसावर बंदी घातली, कारण पाकिटात फळ नसतंच, नुसतं केमिकल असतं. सगळं माहीत असून कंपन्यांना सोडून दिलं. परदेशात असं केलं तर मालक थेट तुरुंगात जातो. तेव्हा पाकिटं फेका आणि कोपऱ्यावरच्या गाड्यावरचा ताजा रस प्या. सामान्य माणसाला दुसरं काही करता येत नाही. खाली जोडलेले हात, तीन वेळा.

आधी ती बंदी. जून २०२४ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, आदेश काढला हे खरं. पण बंदी रसावर नव्हती, वेष्टनावरच्या शब्दांवर होती. बहुतेक कंपन्या फळाचा रस आटवून घट्ट करतात. तसा तो साठवायला नि वाहून न्यायला स्वस्त पडतो. पाकिटात भरताना त्यात पाणी घालून तो पुन्हा पातळ करतात. अशा रसाच्या वेष्टनावर आणि जाहिरातीत ‘१०० टक्के फळांचा रस’ म्हणू नका, आधी छापून ठेवलेली वेष्टनं १ सप्टेंबर २०२४ पूर्वी संपवा, असं आदेशात होतं. किलोला १५ ग्रॅमपेक्षा जास्त साखर वरून घातली असेल, तर ‘स्वीटन्ड ज्यूस’ लिहिणं भाग आहे. कंपन्या म्हणतात, काढलेलंच पाणी परत घातलं, मग शंभर टक्के का नाही? युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. तरी ‘शंभर टक्के’ वाचून गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर पिळलेलं संत्रं येतं, आटवलेला पाक येत नाही, आणि कंपनीला हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून मला आदेश पटतो.

‘फळ नसतंच’ हेही चूक. पण किती असतं, हे मेसेज लिहिणाऱ्याने विचारलं असतं तर त्याला विषापेक्षा मोठी बातमी मिळाली असती. आपल्याकडे ‘फ्रूट ज्यूस’ आणि ‘फ्रूट ड्रिंक’ या कायद्याने वेगळ्या वस्तू आहेत. फ्रूट ड्रिंकमध्ये फळाचा अंश किमान १० टक्के असला की झालं. लिंबाच्या पेयाला तर ५ टक्केही चालतो. २०० मिलीच्या पाकिटात १० टक्के म्हणजे २० मिली. घरातल्या चहाच्या चमच्याने मोजा, चार चमचे. बाकी पाणी, साखर, आम्ल, वास आणि रंग. वेष्टनावर मात्र अख्खा हापूस, वर दवाचे थेंब. हे पेय भेसळीचं नाही. नमुना तपासला तर पास होईल. छापा घालणाऱ्याने इथे काय पकडायचं? चार चमच्यांचा आंबा उजेडात, नियमात बसून विकला जातो, आणि आपण भलत्याच पेल्यात केमिकल शोधत बसतो.

‘सोडून दिलं’ यामागेही हाच घोळ आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ मध्ये सगळी पापं एका मापाने मोजलेली नाहीत. खोटं किंवा फसवं लेबल असेल तर दंड ३ लाखांपर्यंत. माल ठरलेल्या दर्जापेक्षा हलका निघाला तर ५ लाखांपर्यंत. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत. तुरुंगवासाची वेळ प्रामुख्याने अन्न ‘असुरक्षित’ ठरलं तर येते, आणि ते खाऊन माणूस दगावला तर किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. ‘शंभर टक्के’ छापल्याबद्दल कुणाला बेड्या पडल्या नाहीत, कारण तो गुन्हा त्या घरातला नाही. हां, कोट्यवधींच्या धंद्याला ३ लाख म्हणजे चहापाण्याचा खर्च, ही तक्रार रास्त आहे. ती करा ना! पण मग मेसेजमध्ये विष घालायची गरज उरत नाही.

परदेशाचं उदाहरण द्यायचंच तर बीच-नटचं द्या. अमेरिकेतली ही बाळांच्या खाण्याची नामांकित कंपनी. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून काही वर्षं तिने तान्ह्या मुलांसाठी ‘शंभर टक्के सफरचंदाचा रस’ म्हणून जे विकलं, ते मुख्यतः साखरेचं पाणी, सफरचंदातलं मॅलिक आम्ल आणि वास-रंग होतं. स्वस्तात मिळणारा आटवलेला रस बनावट असल्याचा इशारा कंपनीच्याच संशोधन विभागाच्या प्रमुखाने दिला होता. वरच्यांनी कानाडोळा केला. १९८७ मध्ये कंपनीने २१५ आरोप कबूल केले आणि २० लाख डॉलर दंड भरला. १९८८ मध्ये अध्यक्षांना एक वर्ष एक दिवसाची शिक्षा सुनावली गेली, पण खटला चुकीच्या ठिकाणी चालवला या मुद्द्यावर त्यांच्याविरुद्धचा तो निकाल अपिलात उलटला. म्हणजे तिथेही ‘थेट तुरुंग’ इतका थेट नसतो. शिवाय ज्या ‘१०० टक्के’वरून आपल्याकडे आदेश निघाला, ते अमेरिकेत आटवलेल्या रसापासून बनवल्याचं नमूद करून आजही छापता येतं. या एका बाबतीत आपला नियम कडक आहे. हे वाक्य फॉरवर्ड होणार नाही, मला माहीत आहे.

आता गाड्यावरचा ताजा रस. मार्च २०१९ मधला कुर्ला स्थानकावरचा व्हिडिओ मुंबईकर विसरले नसतील. स्टॉलच्या छपरावर बसून एक माणूस टाकीतल्या पाण्यात हात घालून लिंबू सरबत करत होता. मध्य रेल्वेने स्टॉल बंद केला आणि आपल्या स्थानकांवर लिंबू सरबत, काला खट्टा अशी सुटी सरबतं विकण्यावरच बंदी आणली. त्याआधी २०१८ मध्ये महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालणं सक्तीचं केलं होतं, कारण मासळी आणि औद्योगिक कामासाठीचा बर्फ रसाच्या पेल्यात पोचत होता. मी स्वतः गाड्यावर उसाचा रस पितो, बिनबर्फाचा. पण ‘ताजा म्हणून शुद्ध’ हे मला कुणी सांगू नये.

राहिलं मेसेजमधलं शेवटचं वाक्य, की सामान्य माणसाला काही करता येत नाही. त्याच कायद्याचं कलम ४० वाचा. विकत घेतलेला पदार्थ ग्राहक स्वतः शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो आणि नमुन्यात दोष निघाला तर शुल्क परत मिळतं. मी हे ग्रुपवर टाकलं. दोन अंगठे आले, आणि पाचव्या मिनिटाला कुणीतरी तोच मेसेज पुन्हा टाकला. या वेळी हात चार.