‘एका पानात हिंदू धर्म’: एका फिरत्या मजकुराचा प्रतिवाद

नवरात्र जवळ आले की कोल्हापुरातील तालमी, मंडळे, सोसायट्या आणि माजी विद्यार्थी यांच्या व्हॉट्सॲप गटांतून ‘एका पानात हिंदू धर्म’ अशा धर्तीचा मजकूर फिरू लागतो. त्यातील विधाने थोडक्यात अशी: वेद हा हिंदूंचा एकमेव धर्मग्रंथ असून तो व्यासांनी पाच हजार वर्षांपूर्वी लिहिला, वेद, रामायण, महाभारत आणि अठरा पुराणे यांत तेव्हापासून एका अक्षराचाही बदल झालेला नाही, करवीरची अंबाबाई म्हणजे विष्णूवर रुसून आलेली लक्ष्मी, हे ऋग्वेदातील श्रीसूक्ताने सिद्ध होते, ज्याला एवढे वाचायला सवड नाही त्याने गीता वाचावी, बाकी कशाची गरज नाही, आणि वेदांचा अधिकार सर्वांना सदैव होता, बंदीची गोष्ट इंग्रजांनी रचली. मजकूर पाठवणाऱ्यांचा हेतू मुलांना आपल्या धर्माची ओळख व्हावी हाच असतो, याविषयी शंका नाही. परंतु ओळखच चुकीची करून दिली तर ती नसलेली बरी. या विधानांना उत्तर देण्यासाठी परंपरेच्या बाहेर जाण्याचीही गरज पडत नाही. परंपरेचेच ग्रंथ उघडले की ती एकेक करून गळून पडतात.

वेद व्यासांनी लिहिला, हे विधान परंपरेनेच कधी केलेले नाही. तिच्या मते व्यासांनी वेदांचे विभाजन केले, म्हणजे आधीच अस्तित्वात असलेल्या मंत्रांची व्यवस्था लावली. मीमांसकांच्या, म्हणजे वैदिक कर्मकांडाचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रकारांच्या, मते तर वेद अपौरुषेय, त्याला कोणी कर्ताच नाही. आणि अनुक्रमणी, म्हणजे वेदाची जुनी सूची, पाहिली तर प्रत्येक सूक्तापुढे ऋषी, छंद आणि देवता यांची नोंद असते: ऋग्वेदाचे दुसरे मंडल गृत्समदाचे, तिसरे विश्वामित्राचे, चौथे वामदेवाचे, पाचवे अत्रींचे, सहावे भरद्वाजांचे, सातवे वसिष्ठांचे. लोपामुद्रा, घोषा, अपाला, विश्ववारा या ऋषिकांची नावेही त्याच यादीत आहेत. दहा मंडले आणि १०२८ सूक्ते एका माणसाच्या नावावर मांडणे म्हणजे या सगळ्या कुळांना पुसून टाकणे होय.

‘लिहिला’ या शब्दाबद्दलही तेच. वेद हजारो वर्षे लिहिला गेला नाही, कारण तो लिहिणे कमीपणाचे मानले जाई. महाभारताच्या अनुशासनपर्वात वेद लिहिणाऱ्यांना नरकगामी म्हटले आहे आणि पाणिनीय शिक्षेने अधम पाठकांचे जे सहा प्रकार सांगितले आहेत त्यांत ‘लिखितपाठक’, म्हणजे लिहिलेले पाहून म्हणणारा, हा एक आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील ज्या ३० ऋग्वेद-हस्तलिखितांची २००७ साली युनेस्कोने जागतिक स्मृतिवारशात नोंद केली, त्यांतील सर्वांत जुने १४६४ सालचे आहे. काळाविषयी बहुसंख्य अभ्यासक ऋग्वेदाची रचना इ. स. पूर्व १५०० ते १००० च्या सुमारास मानतात. लोकमान्य टिळकांनी ज्योतिषाच्या आधारे हा काळ बराच मागे नेला होता. मतभेद आहे हे सांगायला हरकत नाही, परंतु पाच हजार हा गोल आकडा कलियुगाच्या पारंपरिक आरंभावरून उचललेला आहे, हेही सांगितले पाहिजे.

राहिला ‘एकमेव’ हा शब्द. मंत्रसंहिता, ब्राह्मणे, आरण्यके आणि उपनिषदे ही श्रुती. त्यांखाली धर्मसूत्रे, स्मृती, इतिहास, पुराणे. त्यांच्या जोडीला आगम आणि तंत्रे. शिवाय मराठी माणसाच्या घरात प्रत्यक्ष वाचली जाते ती ज्ञानेश्वरी आणि तुकोबांची गाथा. यांपैकी कोणाला किती प्रमाण मानायचे यावर आचार्यांचे वाद शतकानुशतके चालले. एकच ग्रंथ असता तर वादाला जागाच उरली नसती.

एका अक्षराचाही बदल नाही, या दुसऱ्या विधानात एक अर्धे सत्य आहे आणि ते फार मोलाचे असल्यामुळे त्याला न्याय दिला पाहिजे. ऋग्वेदाची शाकल संहिता, म्हणजे त्याचा आज प्रचलित असलेला पाठ, ज्या काटेकोरपणे तोंडी जपली गेली, तिला जगात क्वचितच तोड सापडेल. ‘अग्निमीळे पुरोहितम्’ ही पहिलीच ओळ घ्या. पदपाठात ती ‘अग्निम्, ईळे, पुरःहितम्’ अशी सुटी केली जाते. क्रमपाठात पदे जोडीने येतात: ‘अग्निम् ईळे’, मग ‘ईळे पुरोहितम्’. जटापाठात पहिले-दुसरे, दुसरे-पहिले आणि पुन्हा पहिले-दुसरे असा वेढा पडतो, तर घनपाठात तिसरे पद घेऊन तोच वेढा उलटसुलट आणखी दोनदा घातला जातो. शेवटच्या पदापर्यंत असे चालते, आणि तेही उदात्त, अनुदात्त, स्वरित सांभाळून. एक मात्रा सरकली तरी पुढची जोडणी अडते आणि चूक तिथल्या तिथे पकडली जाते. घनपाठी वैदिकाला मान का मिळतो, हे यावरून ध्यानात यावे.

मात्र याच परंपरेने आपली हानीही नोंदवून ठेवली आहे. व्याकरणकार पतंजलीने महाभाष्यात ऋग्वेदाच्या २१, यजुर्वेदाच्या १०१, सामवेदाच्या १००० आणि अथर्ववेदाच्या ९ शाखा, म्हणजे पठणाच्या परंपरा, सांगितल्या. आज चारही वेद मिळून हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच शाखा उरल्या आहेत. प्रत्येक शाखेत पाठभेद होते, मंत्रांचा क्रम वेगळा होता. म्हणजे ‘एकच अक्षर’ मुळातच नव्हते.

रामायण, महाभारत आणि पुराणे यांच्याबाबतीत तर हे विधान अजिबात टिकत नाही, आणि ते कोणा परदेशी पंडिताने नव्हे तर पुण्यातच दाखवून दिले आहे. भांडारकर संस्थेने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे, म्हणजे पोथ्या ताडून जुना पाठ ठरवण्याचे, काम हाती घेतले, विष्णु सीताराम सुखटणकरांनी त्याची पद्धत बसवली आणि १९६६ साली ते पूर्ण झाले. काश्मीरपासून केरळपर्यंतच्या शेकडो पोथ्या ओळीला ओळ लावून तपासल्या गेल्या. व्यास सांगत आहेत आणि गणपती लिहून घेत आहे, हे आपल्या कॅलेंडरांवरचे चित्र सर्वांना ठाऊक आहे. तो प्रसंग जुन्या पोथ्यांच्या साक्षीवर टिकला नाही, म्हणून तो परिशिष्टात गेला. वस्त्रहरणाच्या वेळी द्रौपदीने केलेला कृष्णाचा धावाही मूळ संहितेत राहिला नाही. खुद्द आदिपर्व सांगते की उपाख्याने सोडून भारतसंहिता चोवीस हजार श्लोकांची होती. पुढे ती लाखाची झाली. वाल्मीकींच्या रामायणात लक्ष्मणरेषा नाही, हेही पुष्कळांना ऐकून धक्का बसतो. ग्रंथ वाढत गेला तो लोकांनी त्याला आपला मानल्यामुळे वाढला, आणि माझ्या मते ही लाज वाटण्याची गोष्ट नाही.

पुराणांत हे वाढणे तर उघड दिसते. मत्स्य, वायू, विष्णू या पुराणांतील राजवंशांच्या याद्या भविष्यकाळाच्या भाषेत मौर्य आणि आंध्र राजांची नावे देतात, म्हणजे त्या याद्या त्या राजांनंतर रचल्या गेल्या. हे आंध्र म्हणजे आपले सातवाहन. कोल्हापुरात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ साली झालेल्या उत्खननात त्यांच्याच काळातील वस्तीचे थर सापडले, आणि ब्रह्मपुरीचीच पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे. पुराणांतील या याद्या वाढीव भाग म्हणून फेकून दिल्या असत्या तर सातवाहनांच्या वंशक्रमाचा मोठा आधार हातचा गेला असता. भविष्यपुराणाच्या छापील प्रतीत इंग्रजांचाही उल्लेख येतो. त्यावरून कोणी भविष्यवाणीचा निष्कर्ष काढत असेल तर काढो.

अंबाबाईविषयीचे विधान कोल्हापूरकरांच्या जिव्हाळ्याचे असल्यामुळे ते सावकाश पाहिले पाहिजे. श्रीसूक्त ऋग्वेदाच्या शाकल संहितेतील १०२८ सूक्तांत नाही. ते खिलसूक्त, म्हणजे संहितेला जोडलेल्या परिशिष्टांपैकी आहे. त्याने त्याचे पावित्र्य उणे होत नाही, परंतु त्यात करवीर नाही, रुसवा नाही, भृगूची लाथही नाही. भृगूने विष्णूच्या छातीवर लाथ मारली, अपमान सहन न होऊन लक्ष्मी करवीरात आली आणि तिच्या शोधात विष्णू वेंकटाचलावर, म्हणजे तिरुपतीच्या डोंगरावर, गेला, ही कथा तिरुमलाच्या स्थलमाहात्म्याची आहे. इकडे करवीरमाहात्म्यात देवी कोल्हासुराच्या वधासाठी येते. ललितापंचमीला पालखी त्र्यंबोलीच्या टेकडीवर जाते आणि तिथे कोहळा फोडला जातो तो याच कथेच्या आठवणीने. एका देवीच्या दोन स्थलकथा असू शकतात. तिरुपतीहून दर नवरात्रात येणारा शालू आपण आदराने स्वीकारतो आणि पंचमीचा कोहळाही चुकवत नाही. अडचण येते ती यांपैकी एका कथेवर वेदाचा शिक्का मारून दुसरी खोटी ठरवली जाते तेव्हा.

शास्त्राचा आधारच हवा असेल तर तो मूर्तीत शोधावा. गाभाऱ्यातील मूर्तीच्या चार हातांत म्हाळुंग (लिंबाच्या जातीचे फळ), गदा, ढाल आणि पानपात्र आहे. देवीचे माहात्म्य सांगणाऱ्या सप्तशतीला जोडून म्हटल्या जाणाऱ्या प्राधानिक रहस्यात महालक्ष्मीचे जे वर्णन आहे, ते नेमके हेच: ‘मातुलुङ्गं गदां खेटं पानपात्रं च बिभ्रती’, आणि मस्तकी नाग, लिंग व योनी. तिथे ही महालक्ष्मी ‘सर्वस्याद्या’, सर्वांची आदिकारण आहे. महाकाली आणि महासरस्वती तिच्यापासून प्रकट होतात. मंदिरात देवीच्या दोन्ही बाजूंना महाकाली आणि महासरस्वती यांची देवळे का आहेत, याचा उलगडा यातून होतो. पुढे याच रहस्यात जी श्री वासुदेवाची पत्नी होते, ती महालक्ष्मीनेच उत्पन्न केलेली आहे. म्हणजे कोल्हापूरच्या मूर्तीशी सर्वांत जवळून जुळणारा ग्रंथ तिला कोणाची पत्नी म्हणून ओळखतच नाही. मध्ययुगात कोल्हापुरावर राज्य करणारे शिलाहार राजे आपल्या बिरुदांत ‘महालक्ष्मीलब्धवरप्रसाद’ म्हणवत, तेही याच स्वतंत्र देवीच्या वराचे भूषण म्हणून असावे, असे मला वाटते.

गीतेबद्दल थोडेच. गीता स्वतःच तेराव्या अध्यायात आधीच्या ऋषींकडे, छंदांकडे आणि ब्रह्मसूत्रांकडे बोट दाखवते. दुसऱ्या अध्यायातील आत्म्याविषयीचे श्लोक कठोपनिषदात जवळजवळ तसेच्या तसे आहेत. जी स्वतः इतरांचा आधार घेते, तिच्या नावावर इतरांना रजा देता येत नाही. ती वाचायला कठीण आहे म्हणूनच तर १२९० साली ज्ञानेश्वरी रचावी लागली.

आणि वेदांचा अधिकार सर्वांना सदैव होता, या शेवटच्या विधानाचे उत्तर त्याच ज्ञानेश्वरीत आहे. अठराव्या अध्यायात ज्ञानदेव म्हणतात: ‘वेदु संपन्नु होय ठाईं । परी कृपणु ऐसा आनु नाहीं । जे कानीं लागला तिहीं । वर्णांच्याचि ॥’ वेद संपन्न खरा, पण त्याच्यासारखा कृपण दुसरा नाही, कारण तो तिन्ही वर्णांच्याच कानी लागला. हे शब्द इंग्रजांनी रचले नाहीत. वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात वितळलेला धातू किंवा लाख ओतावी, हे गौतम धर्मसूत्र इंग्रज येण्याच्या दीड हजारांहून अधिक वर्षे आधीचे आहे आणि ब्रह्मसूत्रभाष्यात शंकराचार्य ते वचन प्रमाण म्हणून उद्धृत करतात. उलट बाजूचे पुरावेही आहेत, ते लपवू नयेत: छांदोग्य उपनिषदात गोत्र ठाऊक नसलेल्या सत्यकाम जाबालाला गुरू स्वीकारतो, आणि शुक्ल यजुर्वेदाच्या सव्विसाव्या अध्यायातील ‘यथेमां वाचं कल्याणीम्’ हा मंत्र ही वाणी शूद्रापर्यंत नेण्याची भाषा करतो. परंपरेत दोन्ही आवाज आहेत. त्यांतला कोणता चालला, हे व्यवहारात पाहावे लागते.

तो व्यवहार कोल्हापूरने पाहिला आहे. १८९९ साली कार्तिकस्नानासाठी शाहू छत्रपती पंचगंगेवर गेले असता पुरोहित वेदोक्त, म्हणजे वेदांतील, मंत्रांऐवजी शूद्रांसाठीचे पुराणोक्त, म्हणजे पुराणांतील, मंत्र म्हणत असल्याचे सोबतच्या राजारामशास्त्री भागवतांनी ध्यानात आणून दिले. छत्रपतींच्या घराण्याला, ज्याच्या मूळ पुरुषाचा राज्याभिषेक १६७४ साली गागाभट्टांनी वैदिक विधीने केला होता, त्याच घराण्याला वेदोक्ताचा अधिकार नाही, अशी भूमिका राजोपाध्यांनी, म्हणजे राजघराण्याच्या पुरोहितांनी, घेतली. कलियुगात क्षत्रिय उरलेच नाहीत, केवळ ब्राह्मण आणि शूद्र उरले, हा त्यामागचा शास्त्रार्थ. गागाभट्टांचेच चुलते कमलाकरभट्ट यांच्या काळातही तो चर्चेत होता. पुण्यात ‘केसरी’ने या मागणीला ‘वेदोक्ताचे खूळ’ म्हटले. १९०२ साली राजोपाध्यांची इनामे जप्त झाली आणि त्यांनी ब्रिटिश सरकारकडे दाद मागितली, तीही फेटाळली गेली. या प्रकरणात इंग्रजांची भूमिका होती ती एवढीच. पुढे शाहू महाराजांनी मराठा पुरोहित तयार करण्यासाठी वैदिक शिक्षणाची सोय केली आणि १९२० साली भुदरगडच्या पाटगावातील मौनी महाराजांच्या मठावर सदाशिवराव बेनाडीकर यांना क्षात्रजगद्गुरू, म्हणजे मराठ्यांचे स्वतंत्र धर्मगुरू, म्हणून बसवले. अधिकार सर्वांना सदैव असता, तर यांतले काहीच करावे लागले नसते.